कवळीवालीचा नकार

आमच्या मजल्यावर तिला सगळे कवळीवाली म्हणतात, आणि तिला त्याचा राग नाही. दातांच्या डॉक्टरांकडून लॅबमध्ये तोंडाचे साचे येतात. त्यांवर ती मेणात एकेक दात बसवते, जरा तिरपा, जरा पुढे, खऱ्यासारखा. जीभ मात्र तिखट. नवरा कुठे असतो असं कुणी विचारलं की म्हणते, "एक चांगला होता, त्याला सोडलं. एक वाईट होता, त्यालाही सोडलं. आणखी काही माहिती?"

चांगला म्हणजे शाळेची बस चालवणारा तिचा नवरा. घरातही तो हॉर्न न वाजवता वावरायचा. तिचा मेणाने डागाळलेला एप्रन न सांगता धुऊन ठेवायचा. त्याच्याशी भांडायला काही सापडायचं नाही, आणि तिला वाटायला लागलं की हे प्रेम नव्हे, नुसती शांतता आहे. मग लग्नाआधी तिचं ज्याच्याशी जुळलं होतं तो फोटोग्राफर परत आला, दारात उभा राहून रडला, आणि ही गेली. त्याच्याकडे भांडायला सगळंच सापडायचं. उशीर झाला तर तो दार उघडायचा नाही. लवकर आली तर विचारायचा, "हाकललं वाटतं?" मित्रांसमोर नाक मुरडून म्हणायचा, "हिच्या बोटांना मेलेल्यांच्या दातांचा वास येतो." एक दिवस ती लॅबमध्ये गेली आणि संध्याकाळी त्याच्याकडे परतली नाही. आमच्या शेजारची खोली घेतली.

महिनाही झाला नसेल, तिची थोरली बहीण एका रविवारी दुपारी त्या ड्रायव्हर नवऱ्यालाच घेऊन आली. खुर्ची कमी पडली म्हणून मी आमची द्यायला गेले, तर ताईंनी मलाही बसवून घेतलं.

"बस गं, साक्षीदार हवाच. ही उद्या शब्द फिरवेल."

ड्रायव्हर खिडकीच्या बिजागरीकडे बघत होता. सैल होती ती.

"माफी माग," ताई म्हणाल्या. "कागदावर अजून तूच त्याची बायको आहेस. तो न्यायला आलाय, अजून काय हवं?"

"मागते की." ती सरळ त्याच्याकडे वळली. "मी चुकले. तुझं काही चुकलं नव्हतं. रोज पस्तावते, जेवताना सुद्धा. खोटं वाटत असेल तर हिला विचार, भिंत पातळ आहे."

मी मान खाली घातली.

"जाऊ दे ते," तो म्हणाला. "चल घरी."

"नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?" ताई उठल्याच.

"ताई, बस. आज सकाळी त्या फोटोग्राफरचा फोन आला होता. मी उचलला नाही. पण छातीत धडधड झाली, आणि ती सगळी भीतीची नव्हती." ती ड्रायव्हरकडे बघून बोलत होती. "आमच्याकडे दात काढल्यावर घाईने कवळी केली की हिरडी मागाहून आकसते. कवळी सैल होते, ऐन बोलताना निसटते. तुझ्याकडे मला आत्ता लपायला यायचंय, राहायला नाही. तुला दुसऱ्यांदा तोंडघशी पाडणार नाही मी."

"मी थांबेन," तो हळूच म्हणाला.

"अजिबात नको. तुझं थांबणं डोक्यावर घेऊन मला बरं व्हायचं नाहीये. कोणी भली बाई भेटली तर कर संसार. मला जळू दे जरा."

त्याला हसू आलं, आणि मग ते त्याला आवरता येईना, का हसण्याआड दुसरंच काही आवरत होता, कळलं नाही. त्याने आपली चहाची कपबशी विसळून पालथी घातली. "येतो," म्हणाला आणि जिना उतरू लागला. घरातल्या सवयी इतक्या लवकर जात नाहीत.

"असा माणूस पुन्हा मिळणार नाही तुला," ताई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? नाही मिळणार."

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत ती दाराशी ताठ उभी होती. मग तिथेच, उंबऱ्यावर बसून, मोठ्याने रडायला लागली. ताई लगबगीने चपला शोधू लागल्या, तशी तिने रडतारडताच त्यांचा पदर घट्ट धरला.

"रडतेय म्हणून त्याला बोलवायला जाशील, तर तुझ्याशीही बोलणार नाही. बस इथे. रडू दे मला."