लांबडीचं काळं टोपण

घासलेटात भिजवलेल्या धोतराच्या चिंध्या, कडुनिंबाच्या सावलीत पसरलेली ताडपत्री, तिच्यावर ओळीनं मांडलेले पाने, आणि या सगळ्याच्या मधोमध विटांवर चढवलेली ती लांबच लांब, धुरकट हिरवी गाडी... बालपण आठवायला बसले की मला आधी हेच दिसतं. पांढरकवड्याच्या आमच्या अंगणात दर रविवारी मी आणि बाबा त्या गाडीखाली शिरायचो. पाठीला मातीचा गारवा, नाकात ग्रीसचा उग्र वास, आणि बाबा न बघताच हात पुढे करायचे – “बारका पाना दे.” मी नेमका तोच द्यायची. “वा वं माही मिस्त्रीण!” ते म्हणायचे, आणि मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

ती स्टेशन वॅगन आईच्या वडिलांची. ते सागवानाचे ठेकेदार होते. गाडीच्या मागच्या लांबट भागात त्यांनी सागाच्या फळ्या बसवून घेतल्या होत्या, आणि उन्हं तापली की त्या फळ्यांतून जंगलाचा कोरडा, तेलकट गंध दरवळत असे. एकुलत्या एका लेकीला त्यांनी नदीच्या कोरड्या पात्रात गाडी चालवायला शिकवलं. आई बुटकी, म्हणून बुडाखाली गोधडीची घडी घ्यायची, तेव्हा कुठे तिला काचेतून रस्ता दिसायचा. ते गेल्यावर ती स्वतः गाडी चालवत आमच्या अंगणात घेऊन आली. आख्खी गल्ली बघायला जमली होती. ‘लांबडी’ हे नाव त्याच दिवशी पडलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात आईला मास्तरणीची नोकरी लागली. शाळा मारेगावच्याही पुढे, आतल्या गावात. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. एसटी तिथं पोहोचेस्तोवर शाळा भरून तास सुरू झालेला असायचा, आणि तिथं खोली करून राहायचं नावही आमच्या घरात काढायची सोय नव्हती. पण लांबडी होती ना! आईनं आकाशी रंगाची सुती साडी इस्त्री करून ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली. दिवाळीआधी एकदा गाडी फिरवून आणावी म्हणून तिनं चावी फिरवली... आणि लांबडी नुसतीच कण्हत राहिली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

“पावसानं बसली असन,” बाबा म्हणाले. “मी करतो दुरुस्त.”

“मिस्त्रीले बोलावू काय?”

“घरात दोन मिस्त्री असताना?” असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी खुशीनं फुलून गेले.

मग ते रविवार सुरू झाले. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या, हवेत तंतू तरंगायचे, आमच्या ग्रीसच्या हातांना चिकटायचे. आम्ही प्लग काढले, घासलेटात बुडवले, पुसले, परत बसवले. चाकं उतरवली. फळ्यांना तेल पाजलं. इंजिनातल्या एकाच वस्तूला हात लावायची मला बंदी होती. बाजूला एक काळं टोपण होतं, त्यातून जाड वायरी निघाल्या होत्या. “त्याले नको हात लावू माय, झटका बसते,” बाबा म्हणायचे. आई चहा घेऊन यायची, विचारायची, “झाली काय?” “आता होतेच,” बाबा म्हणायचे, आणि मीही त्यांच्याच ठेक्यात म्हणायची – “आता होतेच!”

शाळेनं संक्रांतीपर्यंत वाट पाहिली, मग दुसरी बाई घेतली. त्यानंतर बाबांचा रविवारचा उत्साहही सरला; लांबडीवर ताडपत्री पडली. मला मात्र एकच वाटायचं – माझ्या हातून एखादा नट कच्चा राहिला असावा. एकदा आई भाकरी थापत असताना मी तिच्यापाशी गेले आणि रडत म्हटलं, “आई, माझ्याकडून नाही झाली गं गाडी.” तिनं पिठाच्या हातानंच मला जवळ ओढलं. “तुयं काय चुकलं माय?” एवढंच म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. दिवस झाल्यावर मी ठरवलं, लांबडी चालू करायचीच. यवतमाळची माझी नोकरी सांभाळून दर शनिवारी यायची. टाकीतला गंज काढला, ब्रेक नवे केले, टायर शोधत वणवण फिरले. बाबा ऐंशीचे; खुर्ची टाकून कडुनिंबाखाली बसायचे. सगळं झालं, तरी प्लगवर ठिणगीच येईना. शेवटी मी ते काळं टोपण उघडलं. आत मधोमध एक छोटा रोटर असतो, बोटाच्या पेराएवढा. तोच फिरून एकेका प्लगला वीज वाटतो. चोरीच्या भीतीनं जुने जीपवाले तो काढून खिशात घालायचे, तेवढ्यानं गाडी ठप्प. लांबडीत ती जागा रिकामी होती.

“बाबा, रोटर कुठं आहे?”

त्यांनी हात लांबवून काठी घेतली. मग उठले, आत गेले आणि दाढीचा डबा घेऊन आले. तुरटीच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला रोटर.

“काहून केलं असं?”

“चालू झाली असती त थे गेली असती,” बाबा म्हणाले. “रोज एकटी, तेवढ्या दूर... लोकायनं काय म्हटलं असतं? अन् घर?”

अरे, मग तोंडावर ‘जाऊ नको’ म्हणायचं होतं! आई भांडली असती, रडली असती, कदाचित तरीही गेली असती. तेवढीही संधी त्यांनी तिला दिली नाही. आणि वर मला पुढे केलं! रोज सकाळी तो डबा उघडून हा माणूस दाढी करत होता, आणि रविवारी माझ्याकडे पाने मागत होता. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे ते रविवार... नाटक होतं सगळं. शिकवलेलं मात्र सगळं खरं होतं, याचाच राग अधिक येतो. त्याच विद्येनं मी लांबडी चालू केली.

रोटर जागेवर बसवला, आणि पहिल्या चावीलाच ती धडधडली. “मी येऊ काय?” बाबांनी काठी सावरत विचारलं. “नाही,” मी म्हटलं.

सोमवारची सकाळ होती. आई निघाली असती त्याच वेळेला निघाले, गरज नसताना तिची गोधडी बुडाखाली घेतली. पांढऱ्या शेतांतून वेचणीच्या बाया वाकून चालल्या होत्या. सागाच्या फळ्या मागे करकरत होत्या, त्यांचा जुना गंध अजून तसाच. मारेगाव मागे पडलं, आतला रस्ता आला, मग कौलांची ती बुटकी शाळा. मी फाटकाशी गाडी उभी केली.

दोन मुली पटांगण झाडत होत्या. खोल्यांना अजून कुलूप होतं. “बाई, तुम्ही नव्या काय?” एकीनं विचारलं.

मी इंजिन बंद केलं आणि घड्याळात पाहिलं. घंटा व्हायला अजून बराच वेळ होता.