आबांचा होकार

लेक शाळेच्या बुटांना पॉलिश करायला बसली. डबी उघडल्याबरोबर तो मेणचट वास आला, आणि मी लातूरच्या फ्लॅटमधून थेट निलंग्याजवळच्या आमच्या गावी, ओसरीवर जाऊन पोचले.

आबा, माझे आजोबा, फौजेतून रिटायर झालेले. मला शाळेत सोडायला-आणायला तेच यायचे, तेही फौजी बूट घालून. घरी आलं की ते ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे आणि मी त्यांच्या बुटांना ब्रश मारायची. "आबा, चमकले का?" विचारलं, की मान हलवून "हाव" म्हणायचे.

एके दिवशी मला शाळेतून न्यायला आबांऐवजी काका आले. घरी माणसंच माणसं, आणि आबा मात्र रोजच्याच जागी मांडी घालून बसलेले. कपाळाला विभूती, डोक्याला कोरा फेटा. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, हे मला कुठं ठाऊक! मी बूट आणले, समोर बसून घासले.

"आबा, चमकले का?"

आबांची मान हलली.

बायका किंचाळल्या. "मागचं कापड सुटलं असंल," काका म्हणाले. मान सरळ राहावी म्हणून ते बांधतात. त्याची गाठ आईनं मारली होती. तिनं ती चाचपून पाहिली आणि मला पदराखाली ओढलं. गाठीबद्दल ती आजवर बोललेली नाही.

मीही लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही.

"आई, चमकले का?" तिनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत माझी मान हलली.