होडीला हात लावला की बाद

जेवणाला किती पानं लागतील, हे त्या संध्याकाळी मला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. भाजी कुठली, सोलकढी पुरेल का, पाहुण्यांना मासे वेगळे लागतील का. पाण्यात किती जण उतरणार, हे मात्र कुणी कुणाला एकदाही विचारलं नाही. आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

बैठक आमच्याच घरी होती. आमच्या म्हणजे काकांच्या. मालवणजवळ समुद्राच्या काठाला त्यांचं घर आहे, काही खोल्या पर्यटकांना देतात, आणि मी तिथं स्वयंपाक करते. मी मूळची जालन्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, नवरा गेला, आणि एका मुकादमाबरोबर काजूच्या कारखान्यात कामाला म्हणून इकडं आले. काजूच्या टरफलातल्या तेलानं दोन्ही हात सोलवटले, वर ताप भरला. काकी तिथं काजू घ्यायला आल्या होत्या. ना ओळख ना पाळख, पण त्यांनी मला रिक्षात घातलं, मागच्या खोलीत निजवलं आणि पेज भरवली. बरी झाल्यावर जा म्हणाल्या नाहीत. आज मी जिवंत आहे ती या घरामुळं. म्हणून या घरातल्या माणसांवर रागावताना माझी मलाच भीती वाटते. पण राग आला तो आलाच.

गावातल्या मंडळींनी ठरवलं होतं, पोहण्याची शर्यत घ्यायची. समुद्रात नाही. घाटाकडं जाताना डोंगरात एक जुना तलाव आहे, तिथं. या काठावरून निघायचं, लांबवर सोडलेल्या दोन नारिंगी फुग्यांना वळसा घालून परत यायचं. गोव्याकडून, कोल्हापुराकडून मुलं येणार होती. आणि काकांची धाकटी उतरणार होती. तेव्हा बारावीला होती. मला मावशी म्हणते. रोज पहाटे खाडीत पोहते आणि मी टॉवेल धरून काठावर उभी असते. मला पोहता येत नाही. घोट्यापर्यंत पाणी आलं की छातीत धडधडतं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा मांडव, माईक, पदकं, पाहुण्यांचा हार, सगळं ठरून झालं होतं. मी ट्रे ठेवला आणि विचारलं, "होड्या किती असणार, काका?"

"एक आसा मां. पुरे."

"एवढ्या पोरांना एक?"

"आयतवारी होडी कोण देतलो गो? सीझन चालू आसा. सगळ्यो होडयो पर्यटकांक घेवन दर्यात."

"मग रविवार सोडून घ्या शर्यत."

सगळे हसले. गावातले एक निवृत्त गुरुजी माईक सांभाळणार होते, ते म्हणाले, "बाई, ही दर्यावर्दी माणसं. तळ्यात कोण बुडतं?"

"ह्यां तळां म्हणजे आमका न्हाणीघर," काकांचा भाचा म्हणाला. तो मासेमारी करतो, ती एक होडी त्याचीच. "तू भाजी बघ. तळां आमी बघतों."

समुद्राच्या माणसांची हीच खोड आहे. लाट दिसली तर ती तिला मान देतात. वादळाचा बावटा लागला तर होड्या वर ओढतात. पण पाणी नुसतं पडून असलं की त्यांना ते पाणीच वाटत नाही. माझ्या माहेरी समुद्र नाही, नदीला बारमाही पाणी नाही. आमच्याकडं माणसं पडून असलेल्या पाण्यातच जातात. माझा चुलतभाऊ शेततळ्यात गेला. त्याला चांगलं पोहता येत होतं. प्लास्टिकच्या कडेवरून हात सुटत राहिला, काठावर अर्धा गाव उभा, आणि कुणाकडं एक दोर नव्हता. हे मी त्या बैठकीत सांगितलं नाही. चहावालीनं एवढं बोलू नये, असं तेव्हा वाटलं.

सरावाला धाकटी तलावात उतरून आली त्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "मावशी, हे पाणी वर धरत नाही गं. खाडीत कशी उचलून धरल्यासारखी असते मी. इथं पाय खाली खाली जातात. आणि मध्येच एकदम गार लागतं."

"मग दमलीस तर होडी धर."

"धरायची नाही. होडीला हात लावला की बाद."

"म्हणजे?"

"म्हणजे शर्यतीतून बाद. नियम आहे."

होडी ठेवायची कशाला, तर बुडणाऱ्यानं धरावी म्हणून. आणि धरली तर शिक्षा! हा नियम केला कुणी? त्याच्या पायात कधी गोळा आला होता का? नाकातोंडात पाणी जात असताना पोरीनं आधी विचार करायचा, की जीव महत्त्वाचा का पदक? आणि सतरा-अठरा वर्षांची पोर काय उत्तर देणार, हे सांगायला शिकलेलं माणूस लागतं का?

शर्यतीच्या दिवशी सकाळी जेवणाची पातेली घेऊन मीही तलावावर गेले. निघताना विहिरीचा दोर आणि टेम्पोची एक जुनी ट्यूब पिशवीत घातली. काकी बघत होत्या. ट्यूबमध्ये हवा त्यांनीच भाच्याकडून भरून घेतली.

काठावर आधी गाऱ्हाणं झालं. एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं हात जोडून देवाला सांगितलं, ही लेकरं तुझ्या पाण्यात उतरतायत, त्यांना सुखरूप बाहेर काढ. सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं, मनापासून म्हटलं. पण त्यानंतर मंडळींच्या चेहऱ्यावर जे निवांतपण आलं ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवाकडं मागितलं म्हणून आपण काही करायचं नाही, असं कुठल्या देवानं सांगितलंय?

मी दोर आणि ट्यूब ठेवायला होडीत चढले. तेवढ्यात गुरुजी माईक घेऊन लगबगीनं आले. मागं प्रमुख पाहुणे, त्यांच्यामागं कॅमेरेवाले.

"बाई, उतरा जरा. पाहुण्यांना एक फेरी मारून आणू. फोटो काढायचेत."

"पोरं आता पाण्यात उतरतायत."

"ती सुरू होईपर्यंत येतील परत."

"आणि नाही आले तर?"

गुरुजींनी काकांकडं बघितलं. काका पुढं आले. "उठ गो. चार लोकांत शोभा करू नको."

त्या माणसाला मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. होडी हलत होती, आणि मी फळी घट्ट धरून बसले. "काका, मला पाण्याची भीती वाटते हे तुम्हाला माहितीय. तरी बसलेय. आता उचलून काढा."

"काडा रे तिका!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "नायतर पाहुण्यांच्या मांडयेर बसतली!"

हशा पिकला. भाचा वल्हं हातात घेऊन म्हणाला, "माका होडी वल्हवची आसा. कोण बसता तां तुमी ठरवा."

मग पाहुणेच म्हणाले, "अहो, राहू द्या. मला होडी लागते, मळमळतं. काठावरच काढू फोटो."

म्हणजे ज्यांच्यासाठी पोरांची होडी काढून घ्यायची होती त्यांना ती नकोच होती! कुणी विचारलंच नव्हतं त्यांना!

शिट्टी वाजली. पोरं सुटली. आम्ही मागून निघालो. दुसऱ्या फुग्यापर्यंत धाकटीची पिवळी टोपी पुढच्या चौघांत होती. वळसा घातल्यावर ती मागं पडायला लागली. मग जागच्या जागीच राहिली. आम्ही जवळ गेलो तर तोंड पांढरं पडलेलं.

"लांब घ्या!" ती ओरडली. "मावशी, होडी लांब घ्या, माझा हात लागेल!"

"काय झालं?"

"गोळा आलाय पायात. जाईल. लांब घ्या ना!"

मी ट्यूब फेकली. माझी फेक ती, भलतीकडंच पडली. ती एकदा पाण्याखाली गेली, वर आली, खोकली. भाच्यानं वल्हं तिच्यापुढं धरलं, पण पुरतं नाही, जरा आखडूनच.

"नीट दे ना!"

"धरल्यान तर बाद जातली गो ती."

सख्खा आतेभाऊ तो तिचा. चांगला मुलगा आहे, दर्यात परक्या माणसासाठी उडी मारेल. त्याच्याही डोक्यात त्या क्षणी तो नियमच होता.

"जाऊ दे बाद, मेल्या!" मी किंचाळले. "दे!"

तिनं वल्ह्याकडं बघितलं. धरलं नाही. पुन्हा खाली गेली. वर आली तेव्हा मात्र दोन्ही हातांनी धरलं. आम्ही दोघांनी तिला आत ओढलं. होडी इतकी कलंडली की मला वाटलं, आता तिघंही जाणार. तिला आत घेईपर्यंत बाकीची सगळी पोरं तलावात एकटी होती. त्याच वेळी आणखी एकाच्या पायात गोळा आला असता, तर आम्ही काय करणार होतो?

आम्ही काठाला लागायच्या आधीच माईकवरून ऐकू आलं, "होडीला हात लावल्यामुळे एक स्पर्धक बाद." डॉक्टर आहे का, हे मागाहून विचारलं. डॉक्टर नव्हताच. काकींनी तिला साडीच्या पदरात गुंडाळलं आणि पाय चोळत बसल्या.

जेवण वाढताना एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही होडयेत नसती तर चेडू पोचलां असतां."

"होडीच नसती तर कुठं पोचली असती पोर?" मी म्हटलं. भाताचा डाव तिच्या पानात जरा जोरातच आपटला असेल.

काका जेवले नाहीत. परतताना गाडीला किल्ली त्यांना नीट लावता येईना, शेवटी भाच्यानं गाडी चालवली. त्या दिवसाबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

धाकटी मात्र बोलली. "मी पोचले असते," एवढंच, आणि मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं बंद. पोचलीही असती कदाचित. मला ते कधीच कळणार नाही, आणि कळायला नकोय.

परवा यंदाच्या शर्यतीसाठी पुन्हा बैठक झाली. मी काही विचारायच्या आधीच काकांनी सांगितलं, रविवार नाही, मधला वार. होड्या जास्त. उतरताना आणि बाहेर येताना डोकी मोजायला दोन माणसं काठावर. डॉक्टर. मी दारात उभी राहून ऐकत होते, मला भरून आलं. मग विचारलं, "आणि तो नियम?"

गुरुजी म्हणाले, "तो राहणार. नाहीतर कुणीही होडी धरून दम खाईल."

"खाऊ दे ना! दम खाऊन परत पोहू दे!"

"मग शर्यत कसली, बाई?"

काकांनी चहाचा रिकामा पेला ट्रेमध्ये ठेवला. मी ट्रे उचलला. सगळ्यांसमोर आणखी बोलले असते तर रडू आलं असतं.

रात्रीची भांडी घासताना धाकटी स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकली.

"यंदा पण बसणार होडीत?"

"बसणार."

"मी हात लावणार नाही हां, सांगून ठेवते."

"नको लावूस," मी म्हटलं. "मी लावीन."