खेचराचा हुद्दा

लिहिण्याचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पुस्तकांच्या सूचीपत्रांपलीकडे काही लिहिलेलं नाही. अमेरिकेत आल्यापासून ॲन आर्बरच्या विद्यापीठ ग्रंथालयात तेवढंच माझं काम. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सुलभाताईंनी माझ्याकडे त्यांच्या वडिलांवर दोन पानं मागितली. ‘अण्णांचा तो खेचराचा किस्सा लिहा, तुम्ही होतात ना तिथे!’ असं म्हणाल्या. होतो. पण तिथे काय झालं ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही – माझ्या पत्नीलाही नाही.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यातली गोष्ट. इराकवर हल्ला होणार हे उघड दिसत होतं आणि बस थांब्यांवर युद्धविरोधी पत्रकं चिकटवलेली असत. विद्यापीठाच्या चित्रपट मंडळानं आफ्रिकेतल्या युरोपीय वसाहतींवरचे जुने, उपहासात्मक युद्धविरोधी चित्रपट दर रविवारी दुपारी दाखवायचं ठरवलं. मी त्या मंडळाचा सभासद. चित्रपटानंतरच्या चर्चेत मी नेहमी मागच्या रांगेत बसे. बोलायला शब्द जुळवीपर्यंत विषय बदललेला असे. बोललोच, तर लोक सभ्यपणे मान हलवत आणि पुढच्याकडे वळत. हे कारण म्हणून सांगत नाही – पण त्या दिवशी मला काय हवं होतं, हे तुम्हांला ठाऊक असावं.

सुलभाताई आमच्या शेजारच्या डॉक्टर. त्यांचे वडील अण्णा त्या वर्षी सहा महिन्यांसाठी साताऱ्याकडून आले होते. वय ब्याऐंशी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून ते एरिट्रियाच्या डोंगरांत इटालियनांशी लढायला गेले होते. लढायला म्हणजे – खेचरांवरून वर पाणी पोचवायला. त्याविषयी ते घरात कधी बोलत नसत. मी मात्र चित्रपट मंडळाला सांगून टाकलं की, माझ्याकडे एक जिवंत साक्षीदार आहे. ते मराठीत बोलतील, मी इंग्रजीत सांगेन. अण्णा दोन दिवस विचार करून ‘येतो’ म्हणाले. त्या रविवारी सुलभाताईंची रुग्णालयात ड्यूटी होती. मी एकटाच त्यांना घेऊन गेलो.

चित्रपटात एक युरोपीय सेनापती लढाईच्या वाटेवर अतिखाण्यानं मरतो. युद्ध थांबू नये म्हणून त्याचे अधिकारी प्रेताला गणवेश चढवून पालखीत बसवतात आणि आफ्रिकी भोई ती पालखी वाळवंटातून वाहून नेतात. रोज संध्याकाळी मेलेल्या साहेबापुढे सूप वाढलं जातं, त्याच्या छातीवर नवं पदक लागतं. सभागृह हसून लोटपोट झालं. अण्णांना भाषा कळत नव्हती, पण डोळे पडद्यावरून हलत नव्हते. त्यांनी माझ्या कानाशी एकदाच विचारलं, “मास्तर, त्या भोयांना पाणी कवा देत्यात?”

देत नाहीत. शेवटपर्यंत देत नाहीत.

दिवे लागले. अण्णा पुढे गेले, टोपी सारखी केली आणि पलटणीत उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. मग ते जे बोलले, ते मला अजून शब्दश: पाठ आहे –

“महादू माझ्या गावचा. वाटंत पडला हुता, पोटात गोळी लागून. पाणी मागत हुता. माझ्या खेचरावर दोन डबे भरल्यालं, पर ते वरच्या चौकीचं. साहेबाचा हुकूम, थेंब सांडायचा न्हाई. मी म्हणलं, येताना देतो. येताना महादू न्हवता. त्याच्या आईला सांगितलं, लगीच गेला, तरास झाला न्हाई. हे मी बायकोला सांगितलं न्हाई, पोरीला न्हाई. आज तुमास्नी सांगतोय.”

एवढं बोलून त्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे पाहिलं. साठेक माणसं माझ्याकडे पाहत होती. नुकतीच हसलेली, आणखी हसायला तयार असलेली. आणि मी – मी काय केलं?

मी इंग्रजीत म्हणालो, “ते सांगतात, आमच्या पलटणीत खेचराचा हुद्दा माणसापेक्षा वरचा होता. खेचराला पाणी हुकमानं मिळे, माणसाला अर्ज करावा लागे. अर्ज मंजूर होईपर्यंत अर्जदार शिल्लक नसे.”

काय हशा उसळला! टाळ्या थांबेनात. कोणीतरी उभं राहिलं, मग सगळेच. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं सभागृह माझं होतं. भान सुटलं म्हणावं, तर तेही खोटं. ‘अर्जदार’च्या आधी किती थांबायचं, हे मी मोजून थांबलो होतो.

अण्णांचे हात जोडलेलेच होते. ते एकेका हसऱ्या चेहऱ्याकडे पाहत होते. निकाल ऐकायला उभा राहिलेला माणूस पाहतो, तसे.

मराठी कळणारा आणखी एकजण तिथे होता – पुण्याचा, अभियांत्रिकीचा संशोधक. दाराशी मला गाठून म्हणाला, “काका, काय टायमिंग यार! म्हातारबाबांनी पार रडवायला काढलं होतं, तुम्ही शो वाचवलात.” मी हसलो. आभारही मानले.

गाडीत बसल्यावर अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “मंडळी हसली का वं?”

त्या वेळीही सांगता आलं असतं. तिथंच गाडी वळवता आली असती. मी म्हणालो, “अण्णा, एवढ्या जुन्या गोष्टीचं त्यांना काय वाटणार?”

“खरं हाय,” ते म्हणाले. “महादूचं त्यास्नी काय.”

मुक्कामाचे तीन महिने बाकी असताना त्यांनी परतीचं तिकीट काढायला लावलं. मुलीला एवढंच सांगितलं, “एकदा बोललो, लई झालं.” त्याच वर्षी ते गावी वारले. सुलभाताई अंत्यसंस्काराहून परतल्यावर आमच्याकडे आल्या आणि त्यांनी विचारलं, “अण्णा त्या दिवशी नक्की काय बोलले हो?” रडून त्यांचे डोळे सुजले होते. मी त्यांना माझा विनोद सांगितला. त्या रडता रडता हसल्या. म्हणाल्या, “अण्णा इतके मिश्कील होते? मला कधी कळलंच नाही.” पाच वर्षं त्या तो किस्सा वडिलांची आठवण म्हणून सांगत आहेत. त्यांच्या मुलांना पाठ आहे. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्या धाकट्यानं तो नक्कल करून दाखवला, तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो आणि टाळ्या वाजवत होतो.

म्हणजे मी एका माणसाचा साठ वर्षं गिळलेला अपराध त्याच्या तोंडून काढून घेतला आणि त्याच्या जागी माझं वाक्य ठेवलं. त्याच्या मुलीला तेच वाक्य वारसा म्हणून दिलं. महादूला मरणाआधी पाणी मागताना पाहिलेला एकच माणूस होता. तो बोलला, आणि मी त्याचं बोलणं कोणापर्यंत पोचू दिलं नाही. अण्णांना साहेबाचा हुकूम होता. मला कोणाचाच नव्हता.

हा मजकूर मी संपादकांकडे पाठवतो आहे, सुलभाताईंकडे नाही. त्या तो तुमच्याबरोबरच वाचतील. समोर जाऊन सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती आणि आजही नाही.

तुम्हां सगळ्यांना मराठी कळतं. त्या दुपारी तुम्ही सभागृहात असता, तर उठून मला थांबवलं असतं का?