न दिसणारी ज्योत आणि नाकतात्या

स्वयंपाकाच्या गॅसच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेले हे फिटर. कुठे गॅस गळतोय हे नुसतं दारातून आत डोकावून सांगायचे, म्हणून सगळे त्यांना नाकतात्या म्हणत. त्या नाकावर ते माशी बसू देत नसत!

मग बसडेपोत हायड्रोजनच्या बसगाड्या आल्या आणि तात्यांना तिथे बोलावणं आलं. पहिल्याच दिवशी इंजिनिअर मॅडम म्हणाल्या, "तात्या, याला वास नाही, रंग नाही. पेटला तर उन्हात ज्योतसुद्धा दिसत नाही."

"मग माझं नाक काय लोणच्यात घालू?"

मॅडमनी त्यांच्या हातात साबणाचं पाणी आणि ब्रश दिला. बुडबुडा आला की गळती समजायची. वायू इतका हलका, की टाकीत पुरेसा मावायला हवेच्या साडेतीनशे पट दाब द्यावा लागे, आणि एवढं कोंडूनही तो फट शोधत असे.

"अगदी तुझ्या भावासारखा," तात्या घरी बायकोला म्हणाले. "एका जागी ठरेल तर शपथ!"

"माझ्या माहेरावर घसरू नका."

पुढे डेपोतला ज्योत दाखवणारा कॅमेरा बिघडून दुरुस्तीला गेला. पूर्वीचे लोक अशी ज्योत शोधायला झाडू पुढे धरून चालत, असं तात्यांनी ऐकलं होतं. त्यांनी घरचा गवती झाडू उचलला.

"अहो, घरात कधी हात लावलात का त्याला?" बायको म्हणाली.

डेपोत ड्रायव्हर लोक हसले. "तात्या, बढती मिळाली वाटतं!"

तिसऱ्या दिवशी भरदुपारी टाक्यांपाशी फुस्स आवाज आला. "वारा असेल," एक ड्रायव्हर म्हणाला. तात्या झाडू लांब धरून पाऊल पाऊल पुढे सरकले. समोर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात झाडूचं टोक भसकन पेटलं.

"मागे व्हा सगळे!" तात्यांनी धावत जाऊन लाल बटण दाबलं. गॅस बंद झाला, ज्योत विझली. एका जोडातला वॉशर झिजला होता. हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. तात्या मात्र पायरीवर बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत.

घरी त्यांनी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. बायको हसली नाही.

"उद्या रजा घ्या."

"उद्या नवे वॉशर येतायत गं. बसवायला मी नको?"

सकाळी डबा द्यायला ती घराच्या फाटकापर्यंत आली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष सोडलं, तर त्यांना निरोप द्यायला ती कधी उंबऱ्याबाहेर आली नव्हती. तात्यांनी वळून दोनदा पाहिलं.