कास्तुलोचे मऊ हात

सॅन अँटोनिओच्या प्रयोगशाळेत कास्तुलो तेलातली हवा मोजायचा. हसू नका, त्यावरच त्याचं घर चालायचं. डिझेल इंजिन पळवायचं, गरम तेल काचेच्या नळकांड्यात काढायचं आणि बुडबुडे वर येऊन पातळी किती उतरते ते बघायचं. जास्त हवा धरणारं तेल इंजिनाचं वाटोळं करतं.

यंदा मात्र त्याच्या इंजिनाचीच परीक्षा होती. ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असं तेल बाहेरून आलं होतं. इंजिनानं तोच आकडा द्यायचा. दोनदा नापास झालं होतं. आता तिसऱ्यांदा झालं तर इंजिन भंगारात, कास्तुलो घरी, आणि कंपनीचा विमा गेला की त्याच्या बायकोची, ओदिलियाची, केमो बंद.

औषधानं ओदिलियाच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. नर्सनं दिलेली क्रीम ती रोज सकाळी लावायची आणि उरलेली नवऱ्याच्या हातांना चोळायची. उठून बसायचं बळ नसायचं, पण हे काही चुकवायची नाही.

"तुझं ते मेलं इंजिन तुझी कातडी खातंय बघ," म्हणायची.

कामावरचा तरुण सोबती नाचो चिडवायचा, "काय काका, हात कसे नवरदेवासारखे! काकू लाडावून ठेवतात वाटतं!"

"जळतोस कशाला? तूही कर लग्न!" कास्तुलो म्हणायचा.

तिथल्या जुन्या माणसांची एक खोड होती. धुतलेल्या नळकांड्यात उघडं बोट फिरवून बघायचं, तेलकटपणा राहिलाय का. हातमोज्यातून कळत नाही म्हणे. कास्तुलो तर दोनदा फिरवायचा. तिसऱ्या परीक्षेलाही त्यानं तसंच केलं, अगदी मनापासून.

पातळी उतरलीच नाही. हवा तेलात अडकून बसली.

इंजिनियर मारिसानं नळकांड्यातलं तेल तपासून आणलं. "काका, यात सिलिकॉन आहे. इवलंसं, पण एवढंसुद्धा तेलाला हवा सोडू देत नाही. कुठे सांधे बुजवायचं सीलंट लावलंत?"

"छे! कधीच नाही."

"मग हाताची क्रीम वगैरे? त्यातही असतं ते."

कास्तुलोनं तळवे बघितले. "लावतो," तो म्हणाला. "रोज. अगं, म्हणजे इंजिनाचा दोष नाहीच! हात घासून येतो, पुन्हा घे परीक्षा!"

मारिसा धावत वरच्या साहेबांकडे गेली आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आली. "ते म्हणतात, जुनं इंजिन, सुटे भाग मिळत नाहीत. त्यांना निमित्तच हवं होतं, काका. ते आपण दिलं."

आपण नाही, मी दिलं, कास्तुलोला वाटलं. पण तेही खरं नव्हतं. कुणी दिलं ते तो या जन्मात कुणाला सांगणार नव्हता.

घरी ओदिलिया उशीला टेकून बसली होती.

"काय झालं रे?"

"नापास. बंद करतायत."

विमा जाणार हे तिलाही ठाऊक होतं. पण ती म्हणाली, "त्या मेल्या इंजिनातच खोट असणार. तुझ्या हातात खोट नाही. आण इकडे, सकाळी तू घाईत निघालास, लावायची राहिली."

सकाळी राहिली नव्हती. हल्ली औषधानं तिला असं विसरायला व्हायचं.

तिनं ट्यूब पिळली. कास्तुलोनं दोन्ही हात पुढे केले आणि मान वळवून भिंतीकडे बघत राहिला.