दाढेच्या जागचा काटा

पनवेलच्या मासळी बाजारातल्या माझ्या नेहमीच्या मावशींना नुसता काटा दाखवला तरी मासा ओळखता यायचा. "ह्यो घोलीचा," कोयतीवरचा हात न थांबवता त्या सांगायच्या.

रविवारी सकाळी त्या हाडं मजबूत करायची गोळी घ्यायच्या आणि टोपलीमागे ताठ बसायच्या. "घेतल्यावर आडवं परायचं नाय, बाय."

मग त्यांनी एक दाढ काढून घेतली. त्यानंतर बोलता बोलता थांबून त्या जिभेने तिथे चाचपायच्या. "काटा अडकलाय. निघतच नाय." पावसाळा सरला तरी तो काटा तिथेच होता.

त्या गोळीमुळे कधी कधी जबड्याचं हाड मरतं, हे मला माझ्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेच सांगायला मी बाजारात गेले. मी तोंड उघडायच्या आत मावशींनी तोंडात दोन बोटं घातली आणि एक पिवळट तुकडा ओढून काढला. रक्त आलं नाही. दुखलंही नसावं. तुकडा त्यांनी धुतला, उजेडात फिरवून पाहिला, त्याचा वास घेतला. मग माझ्यापुढे धरला.

"ही कंची मासली, बाय? मी तं कदी इकली नाय."